सातवा तुकडा

"वहिनी, आधी लेकराला आत न्या. मग पातं फिरेल."

सुतारकाकांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा माझा संयम सुटायला आला. ओसरीची लाकडी जमीन उखडून चार दिवस झाले होते. मुलगी नुकती रांगायला लागलेली. दाराला खुर्ची लावून मी पहारा देत होते, आणि हे गृहस्थ खालच्या तुळयांचं लाकूड सुकवत बसले होते!

"लाकूड कापतायत की त्याची समजूत घालतायत?" सासूबाई पुटपुटल्या.

काका हसले. "औषध मुरवलेलं लाकूड ओलं असलं की पात्याला धरून ठेवतं, आजी. दात जातील. पात्याचे किंवा माझे."

शेवटी अंगणाच्या टोकाला ताडपत्री पसरली. मास्क, चष्मा. प्रत्येक तुळईवरून लोहचुंबक फिरवून खिळा राहिलाय का ते बघितलं. करवत पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावली, आणि रेटली अजिबात नाही. दुपारपर्यंत तुळया बसल्या, वर साध्या फळ्याही.

मग ते ताडपत्रीवरचे तुकडे मोजू लागले.

"सात हवेत. सहाच आहेत."

"एका तुकड्याचं काय एवढं, काका?"

बोलता बोलताच मला आठवलं. पायरीशी पडलेला छोटासा गुळगुळीत तुकडा. रडू नये म्हणून मीच तिच्या हातात दिला होता.

मी आत धावले. तुकडा तिच्या ओठांपाशी पोचला होता.

काका उंबऱ्याबाहेरच थांबले. "तोंडात गेला?"

"नाही."

"साबणानं तिचे हात धुवा. नखंही बघा."

मी धुऊन आले, तर ते पायरीवर बसले होते. "वाळवी लागू नये म्हणून विष असतं त्यात. नवा होतो तेव्हा माझ्या थोरलीला मी असलेच ठोकळे करून दिले होते. कोण सांगणार? वर्षभर चघळले तिनं."

"मग?"

"काही नाही झालं. दोन लेकरांची आई आहे आता. पण तेव्हापासून मोजतो."

तिसऱ्या दिवशी ते फाटकाशी आले. हातात साध्या लाकडाचा, कडा गोल घासलेला ठोकळा. मला आभार मानायचे होते, तोंडातून निघालं, "पाणी तरी घ्या. या ना आत."

"नको, कामावरनं आलोय. अंगावर भुसा आहे."

मुलगी ठोकळा घेऊन नव्या ओसरीवर तुरुतुरु रांगत सुटली. काकांनी दोन पावलं मागे सरून आपला शर्ट झटकला आणि लांबूनच तिला हात केला.