हसऱ्या चेहऱ्याचे बटण

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, पण रिकामा नव्हे. माझ्या तोंडावर दोन बटणे आहेत. हिरव्यावर हसरा चेहरा, लालवर रडका. सरकार जिथून म्हाताऱ्या, निराधार माणसांना पेन्शन देते, त्या कचेरीत बाहेर पडायच्या काचेच्या दाराला लागून मला ठोकले आहे. या योजनेवर लोक खूश आहेत की नाराज, हे मोजणे माझे काम.

इथे आलो आणि माझे नशीबच फळफळले. जो तो जाताना हिरवेच बटण दाबायचा. लंगडणारे आजोबा हिरवे, खोकून बेजार झालेली मावशी हिरवे, कपाळाला आठ्या घातलेला म्हातारा गवंडीसुद्धा हिरवेच. कचेरीचे साहेब पाहुण्यांना माझ्यापुढे आणून म्हणत, "बघा, एकही माणूस नाराज नाही." मी आपला फुगून बसायचो. पुढे हसरा चेहरा बोटांनी झिजून पुसट झाला, कडेला कोळ्याने जाळे विणले, पण मला कुणी साधे फडके लावले नाही. तरी माणसे सुखी आहेत ना, असे म्हणून मी मनाची समजूत घालत असे.

यंदा योजनेचा खरोखर किती उपयोग होतो हे तपासायला एक तपासनीस बाई आल्या. माझे आकडे पाहून त्यांनी लिहिले, लोक समाधानी आहेत, कचेरीतल्या तक्रार खिडकीची गरज दिसत नाही. अहवाल वर गेला, हुकूम खाली आला आणि खिडकीवर फळी ठोकली गेली.

ती फळी पाहायला बाई आल्या, तेव्हाच कपड्यांना इस्त्री करून पोट भरणाऱ्या एक आजीही आल्या. त्यांची पेन्शन मध्येच बंद पडली होती आणि त्या खिडकीवर खेटे घालून थकल्या होत्या. फळीवर त्यांनी दोनदा टकटक केली. मग डोळे पुसत दाराशी आल्या आणि त्यांनी हिरवे बटण दाबले.

बाई थबकल्या. "आजी, रडताय आणि खूश आहे म्हणून सांगताय?"

"खूश कसली, बाई? बाहेर जायचंय मला. हिरवं दाबलं की दार उघडतं."

"आणि लाल?"

"लाल दाबून दार अडकलं तर? सगळे हिरवंच दाबतात की."

बाई माझ्याजवळ येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांनी कशालाही हात लावला नाही. दार आपोआप उघडले. समोर कुणीही उभे राहिले की ते उघडतेच.

मित्रांनो, माझ्या तारा जागच्या जागी गार पडल्या. इतकी वर्षे माझे कौतुक झाले, आणि इथे कुणी मला काही सांगतच नव्हते. माणसे फक्त घरी जात होती.

बाईंनी साहेबांना तिथेच बोलावून घेतले. त्या साहेबांना म्हणाल्या, "ती फळी काढा. माझा अहवाल चुकलाय."

"अशी कशी काढू? हुकूम वरून आलाय. तुमच्याच अहवालावरून."

आजींनी आधी साहेबांकडे पाहिले, मग बाईंकडे. "मग माझी पेन्शन बंद आहे, हे मी आता सांगू कुणाला?"



मित्रांनो, एखाद्याचे बरे चालले आहे की नाही, हे माझ्यासारख्या डब्याला विचारू नका. त्या माणसाच्या शेजारी बसा आणि त्यालाच विचारा. आजी अजून उत्तराची वाट पाहत उभ्या आहेत.