ताईच्या खिडकीसमोरची भिंत

नावाजलेला चित्रकार बोलावून भिंतीवर चित्र काढून घ्यायचं, हे खूळ धाकटीच्या डोक्यात शिरलं तेव्हा तिच्या ब्युटी पार्लरमधल्या बायकांनी तिला वेड्यात काढलं. पार्लरचं दार हमरस्त्यावर आणि चित्र कुठे, तर बाजूच्या बोळातल्या भिंतीवर! तिथून गिऱ्हाईक सोडाच, मांजरही क्वचित जायचं.

पण त्या भिंतीच्या बरोबर समोर ताईच्या शिवणाच्या दुकानाची खिडकी होती. खिडकीशी मशीन, आणि मशीनवर दिवसभर ताई. मान वर केली की समोर ती ओकीबोकी भिंत. पार्लर उघडलं त्या दिवशी ताई चारचौघांत म्हणाली होती, "हिची चार दिवसांची हौस!" धाकटीनंही मग तोंडाला येईल ते सुनावलं होतं. तेव्हापासून सख्ख्या बहिणींत अबोला. पार्लर टिकलं, अबोलाही टिकला. धाकटीला ताईवाचून करमत नव्हतं, पण आपणहून बोलायला जायचं तर ताठा आड यायचा. म्हणून हा भिंतीचा घाट.

"आमच्या लहानपणच्या अंगणातलं झाड काढा," तिनं चित्रकाराला सांगितलं. "आणि समोरच्या खिडकीतल्या खुर्चीतून ते नीट दिसलं पाहिजे. पण हे कुणाला बोलायचं नाही हं."

पहिल्या दिवशी चित्रकारानं भिंतभर कोळशानं नुसतं गिरगटलं. फुल्या, गोळे, आकडे, वाकडेतिकडे मासे. "या खुणा," तो म्हणाला. "उद्या ऊन आलं की भिंतीचा फोटो काढायचा आणि मोबाइलमध्ये त्या फोटोवर झाडाचं चित्र बसवायचं. मग कुठली फांदी कुठल्या माशाच्या शेपटीपाशी येते, ते बघत भिंतीवर उतरवायचं."

दुसऱ्या दिवशी धाकटी आली, तर भिंत लख्ख! एक रेघ शिल्लक नव्हती. काळ्या पाण्याचा ओघळ ताईच्या पायरीपर्यंत गेला होता. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला आपलं चित्रसुद्धा नको! ती तडक खिडकीशी गेली.

"ताई, माझी भिंत तू पुसलीस?"

इतक्या दिवसांनी बोलायचं म्हणून मनात किती गोड वाक्यं जुळवून ठेवली होती, आणि बाहेर पडलं ते हे.

ताईच्या हातात अजून घासणी होती. "मग काय तशीच ठेवायची? कुणा मेल्यानं नको ते गिरगटून ठेवलं होतं. म्हटलं, तू यायच्या आत साफ करावं. बघितलं असतंस तर दिवसभर रडत बसली असतीस. ओळखत नाही का मी तुला!"

धाकटीचा राग कुठल्या कुठे गेला. तिला हसू आलं आणि रडूही. "अगं, ते चित्रकारानंच काढलं होतं!"

"आता गं बाई! असलं काढायला चित्रकार लागतो?"

तेवढ्यात चित्रकार शिडी घेऊन आला, भिंत बघून त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "असू दे. कुणीही गिरगटलं तरी चालतं. फक्त एका खुणेसारखी दुसरी नको."

ताईनं शिवणाचा निळा खडू आणला, मोडून अर्धा धाकटीला दिला. ताईनं दोन वेण्यांची एक शेंबडी पोरगी काढली. धाकटीनं तिच्यावर डोळे वटारणारी कात्री काढली. बघता बघता भिंत भरत आली.

फोटोसाठी चित्रकार ताईच्या दुकानात शिरला, मागोमाग ताई. "जरा तुमच्या खुर्चीत बसतो," तो मोबाइल काढत म्हणाला. "बाईंनी बजावलंय, चित्र याच खुर्चीतून नीट दिसलं पाहिजे." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

मशीनवरची एक चिंधी उचलून ताईनं डोळे पुसले. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "अगं ए, खालचा कोपरा रिकामा राहिलाय! तो भर आणि ये. चहा टाकते."

कोपरा रिकामाच राहिला. खडू तिथंच टाकून धाकटी केव्हाच आत पोचली होती.