साखर लावलेला निरोप

“तुम्ही दोघं एकमेकांशी थेट कधी बोलणार?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. बंदराचं शहर लागायच्या आत विचारलंस तर तू खरी, नाहीतर नुसतीच तोंडाची वाफ, असं त्यांनी ग्रुपवर ठणकावून लिहिलं होतं. म्हणून टेकडीच्या उतारावरून क्रेनच्या उंच माना दिसायला लागल्या तसा पोरीने प्रश्न टाकला, पुढे चालणाऱ्या बाबांना आणि मागून येणाऱ्या आईला एकदमच ऐकू जाईल असा.

बाबा थांबले नाहीत. “आईला सांग, पोरीला असले प्रश्न शिकवू नकोस म्हणावं.”

मागून आई म्हणाली, “बाबांना सांग, शिकवायला कशाला हवं? तिला डोळे आहेत.”

झालं. पैज जिंकली आणि हाती धुपाटणं.

आईचे वडील गेले त्याला आता पाच महिने होत होते. आई तेव्हा कामासाठी परगावी होती. एवढा प्रवास तिला एकटीने करायचाय, वाटेत जिवाला घोर नको, म्हणून बाबांनी फोनवर तिला ‘त्यांना बरं नाही, ये’ एवढंच सांगितलं. आई दारात उतरली तेव्हा तिच्या हातात वडिलांसाठी घेतलेली फळांची पिशवी होती आणि अंगणात माणसं जमली होती. त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. पायी यात्रेची कल्पना मावशीची. चालता चालता माणसं आपोआप बोलायला लागतात म्हणे. मावशीचं काय जातंय, ती घरी पंख्याखाली बसलीय.

माणसं बोलत होती, पण पोरीच्या तोंडून. घरात तिचं नावच टपाल पडलं होतं. आणि हे टपाल एकही पत्र न फोडता देत नसे. बाबांचं ‘पाय उचल म्हणावं तिला’ आईपर्यंत जाताना ‘बाबा म्हणतात, सावकाश ये’ होई. आईचं ‘त्यांना काय, दगड आहेत’ हे बाबांच्या कानी ‘आई दमलीय जरा’ असं पडे. आपण आहोत म्हणून हे घर उभं आहे, असं तिला मनापासून वाटे, आणि खोटं कशाला बोला, त्याचा तिला तोराही होता.

उताराच्या पायथ्याशी वाट फुटली. एक फाटा लाँचकडे जात होता. लाँचमध्ये बसलं की खाडी ओलांडून थेट यात्री निवासाच्या दारात. दुसरा सबंध बंदराला वळसा घालणारा, ट्रकांचा. बाबा फाट्यावर पाणी पीत उभे होते. आई मागेच एका दगडावर बसली.

“बाबांना सांग, माझी टाच फुटलीय. पाऊल टेकवत नाही. लाँचने जाऊ म्हणावं.”

पोरगी निघाली. वाटेतच तिने हिशेब मांडला. पायी यात्रा म्हणजे पायी, हा बाबांचा हट्ट. टाचेचं काढलं तर ते म्हणणार, बूट नीट घ्यायला सांगितलं होतं. मग आई काहीतरी टोचून बोलणार. मग रात्रीचं जेवण घशाखाली उतरायचं नाही.

“आई म्हणते, लाँचमध्ये बसायचं का? गंमत म्हणून.”

“गंमत करायला आलोय का आपण? पायी म्हणजे पायी.”

ती परत आईकडे आली. “बाबा म्हणतात, वळशाचा रस्ता सपाट आहे. हळूहळू जाऊ.”

“टाचेचं सांगितलंस?”

“हो.”

आईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, बुटाची नाडी करकचून आवळली आणि उठली.

तो रस्ता सरता सरेना. एका बाजूला कंटेनरच्या भिंती, दुसऱ्या बाजूला ट्रक, अंगावर धूळ आणि डिझेलचा धूर. आई मागे पडत गेली. एकदा बाबांनी वळून विचारलं, “काय झालं तिला?”

“जहाजांचे फोटो काढतेय,” पोरगी म्हणाली. तिचं तिलाच ते बरं वाटलं नाही.

यात्री निवासात एका खोलीत ओळीने खाटा होत्या. नर्सबाई आल्या-गेल्याचे पाय तपासत होत्या. आईचा मोजा टाचेला चिकटून बसला होता. कोमट पाण्यात भिजवून तो सोडवला तेव्हा पोरीने मान फिरवली.

“या पायाने बंदराचा वळसा घातलात?” नर्सबाई म्हणाल्या. “कुणी चालू दिलं तुम्हाला?”

“ज्यांना सांगितलं त्यांनी,” आई भिंतीकडे बघत म्हणाली.

बाबा पोरीकडे वळले. “आईला विचार, कुणाला सांगितलं होतं?”

“अहो, मी पाय धुतेय, कान नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “त्यांना ऐकू येतंय.”

कुणी हसलं नाही. बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते पोरीला म्हणाले, “तू मला टाचेबद्दल एक शब्द तरी बोललीस का?”

पोरगी जमिनीकडे बघत म्हणाली, “तुम्ही चिडला असता.”

“चिडलो असतो. आणि लाँचने नेलं असतं.”

आई वळली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. “मला त्रास नको म्हणून केलंस, होय ना?” ती म्हणाली. “अगदी बापावर गेलीस.”

बाबांनी मान खाली घातली. पोरीला वाटलं, खोलीतल्या सगळ्या खाटा आपल्याकडेच बघतायत.

“जखमेत पू झालाय,” नर्सबाईंनी पट्टी बांधता बांधता सांगितलं. “अंगही तापलंय. सकाळी दवाखाना. चालणं आता विसरा.” बादली उचलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मग आईने डोळे मिटून घेतले. “त्यांना सांग, पुढे जायचं असेल तर जा म्हणावं.”

‘तुम्ही थांबावं असं आईला वाटतंय’ हे वाक्य पोरीच्या जिभेवर तयारच होतं, साखर लावून. खरंही असेल कदाचित. कुणास ठाऊक. तिने ते गिळलं आणि दोन खाटांच्या मधून उठून ती दाराशी जाऊन उभी राहिली.

“मी काही सांगणार नाही,” ती म्हणाली. “आज नाही, घरी गेल्यावरही नाही. गोड नाही, कडू नाही. माझी यात्रा इथे संपली. आईचा पाय बरा होईपर्यंत मी तिच्याजवळ राहणार आहे. आता मी बाहेर पायरीवर बसते. भांडायचं असेल तर भांडा, पण आपापल्या तोंडाने.”