सूनबाईचे पाय जमिनीला लागेपर्यंत

सूनबाई हवेत असेपर्यंत मी पाणी पीत नाही, हे घरात कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. देवाशी बोललेलं देवाजवळच राहावं. पण माझ्या मुलाच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही. एका शुक्रवारी जेवता जेवता तो सूनबाईला बोलून गेला, "गेल्या शनिवारी आईला मैदानावर घेरी आली होती, माहितेय का तुला? तू खाली येईपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नाही."

सूनबाईचा घास हातातच राहिला. "आई, खरं?"

"अगं, तासाभराचा तर प्रश्न," मी म्हणाले.

"तासाभराचा कुठला? रात्रीपासून कोरडी असते," मुलगा म्हणाला. मी डोळे वटारले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सूनबाईने तो घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "बरं. मी लवकर उतरत जाईन."

मला मनातून आनंद झाला. म्हटलं, बघा, लागू पडलं.

सूनबाई लिफ्ट दुरुस्त करते. आठवडाभर ती उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोगद्यांत दोर तपासत असते आणि शनिवारी पहाटे पाठीला इंजिन बांधून आकाशात जाते. पॅरामोटर म्हणतात त्याला. पाठीवर पिंजऱ्यात बसवलेला पंखा, अंगाला पट्टे, आणि वर बारीक दोऱ्यांना जोडलेला भलामोठा कापडी पंख. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरातला टेबलफॅन पाठीला बांधून ही पळत का सुटलीय? मुलगा चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. बल्ब बदलायला खुर्चीवर चढला तरी एक हात भिंतीला. त्याला कुणी विचारलं, बायको उडते तेव्हा भीती नाही वाटत, तर म्हणतो, "आम्हा दोघांची सरासरी काढली तर उंची अगदी बेताची आहे."

सूनबाईला ज्यांनी शिकवलं त्यांना सगळे मास्तर म्हणतात. वर्षभर त्यांनी तिला नुसतं गवतावर पळवलं. पंख डोक्यावर उभा करायचा, मान वर करून बघायचा, खाली टाकायचा, पुन्हा उभा करायचा. उडायला दिलं ते नंतर. निरोप देताना त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद प्लास्टिकमध्ये घालून दिला. उडण्याआधी काय काय तपासायचं त्याच्या ओळी. आणि मला म्हणाले, "हा तुम्ही वाचायचा. उडणारा स्वतः वाचतो तेव्हा घाईत एखादी ओळ गाळतो. तुमची रोज पोथी वाचायची सवय आहे, तुमच्या हातून गळणार नाही."

तेव्हापासून ते काम माझं. पहाटेचा दिवा आणि जप आटोपून मी मुलगा-सुनेबरोबर गाडीत बसते. मैदानावर ती पट्टे बांधून उभी राहिली की मी वाचते आणि ती प्रत्येक वस्तूला हात लावून 'हो' म्हणते. नुसतं म्हणून चालत नाही, हात लागला पाहिजे.

जेवताना ते बोलणं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच वाचलं.

"हेल्मेटचा बंद."

"हो."

"मांड्यांचे पट्टे. दोन्ही."

"हो, हो."

"छातीचा पट्टा. पंख अडकवायचे दोन्ही आकडे बंद. राखीव छत्रीची पिन."

"आई, जरा मोठ्याने! देवघरात नाही आहात तुम्ही."

"राखीव छत्रीची पिन!" मी ओरडले, म्हणजे माझ्या मानाने ओरडले. पेट्रोल, इंजिन बंद करायचं बटण, दोऱ्यांचा गुंता, समोर माणूस किंवा जनावर. मग वारा. काठीला बांधलेली लाल फीत मोकळ्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर अलगद हलत होती. शेवटची ओळ मास्तरांनी दोनदा अधोरेखित केलेली आहे. "जायचं की थांबायचं?"

याचं उत्तर तोंडाने द्यावं लागतं. "जायचं," ती म्हणाली. पण म्हणताना तिची नजर फितीवर नव्हती. माझ्या मांडीवरच्या भरलेल्या बाटलीवर होती. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

इंजिन सुरू झालं. तिने चार पावलं टाकली, पंख गवतावरून उठून डोक्यावर आला. मान वर करून तिने तो नीट भरलाय का पाहिलं, मगच जोर वाढवला. दहा-बारा पावलं, आणि पाय सुटले. 

पाऊण तास सगळं छान चाललं. मुलगा गाडीच्या टपाला टेकून जांभया देत होता. मग फीत एकदम पडली, जरा वेळ लोंबकळली आणि उलट्या बाजूला फडफडू लागली. वारा आता झाडांकडून येत होता. मैदानाच्या त्या अंगाला उंच झाडांची दाट रांग आहे. मास्तरांनी मला चिखलात बोटाने काढून दाखवलं होतं, झाडांवरून आलेला वारा पलीकडे पडला की गडबडा लोळतो. त्यात कापडी पंख सापडला तर चुरगळतो, आणि जमिनीजवळ असताना सावरायला जागा उरत नाही.

वॉकी-टॉकी खरखरला. "आई, फीत कशी आहे?"

"वारा झाडांकडून येतोय. फीत पार आडवी झालीय."

नुसता इंजिनाचा आवाज. मग ती म्हणाली, "टेकडीपलीकडे माळ आहे. चहूबाजूंनी मोकळा, तिथे आरामात उतरता येईल. पण तुम्हाला गाडीने वळसा घालून यायला दीड तास लागेल."

"मग उतर की तिथे."

"नको. येते इकडेच. पटकन उतरवते."

मुलगा सरळ उभा राहिला. "हिला झालंय काय? लिफ्टचा एक स्क्रू सैल दिसला तर अख्ख्या इमारतीला जिने चढायला लावणारी बाई ही!"

आणि तेव्हा मला बाटलीवरची तिची नजर आठवली. मी बटण दाबलं. "सूनबाई, तू माझ्यासाठी इकडे येतेयस?"

"आई, आठ वाजत आलेत. तुम्ही रात्रीपासून कोरड्या आहात. वर आणखी दीड तास म्हणजे… असू दे, मी जमवते."

"प्यायले म्हणून सांग ना," मुलगा माझ्या कानाशी कुजबुजला. "ती काय बघायला येतेय?"

ते माझ्याच्याने होणार नव्हतं. पण प्यायचं कसं? ती वर, तिचे पाय अधांतरी, आणि मी तिच्यासाठी धरलेलं व्रत त्याच वेळी मोडायचं? उद्या काही झालं तर मी कुणाकडे बघू? बाटलीचं झाकण असं हिसकलं की अर्धं पाणी पदरावर सांडलं. देवाला म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागव. ती वर आहे, तिला हात लावू नकोस.

"सूनबाई," मी बटण दाबून म्हणाले, "इंजिन जरा मंद कर आणि ऐक."

वॉकी-टॉकी गळ्याजवळ धरून मी प्यायले. सवय मोडलेली, त्यात घाई. दुसऱ्याच घोटाला असा ठसका लागला की मुलगा पाठ थोपटायला धावला.

"ऐकलंस?" मी कशीबशी म्हणाले.

"ठसका लागला ना?"

"लागला."

"सावकाश प्या हो."

"तू सावकाश उतर. माळावर. मी बाटली संपवते. चल, ठेवते."

"आई, हा फोन नाही," मुलगा म्हणाला. पण वर तो रंगीत पंख हळूहळू वळला होता. टेकडीच्या वर एवढासा झाला आणि मग दिसेनासा झाला. वॉकी-टॉकीही मुका झाला. टेकडी मध्ये आली की तो चालत नाही.

तो दीड तास मी विसरणार नाही. इतके दिवस ती दिसेनाशी झाली तरी माझ्याकडे धरायला काहीतरी असायचं. आज काहीच नव्हतं. जपमाळ काढली, मण्यांवरून बोट फिरत होतं, पण तोंडात देवाचं नाव येईना. मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, दोन्ही आकडे, राखीव छत्री, हेच येत होतं. मी तेच म्हणत राहिले. मुलगा एरवी मिनिटाला एक विनोद करतो. त्या दिवशी त्याने वळणावर हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

माळ दिसला तेव्हा आधी मला पंख दिसला नाही.  मग दिसलं, तो घडी घालून पिशवीत भरलेला होता, आणि त्या पिशवीवर बसून बाईसाहेब खिशातली बिस्किटं खात होत्या. आम्हाला पाहून तिने दोन्ही हात वर करून हलवले.

मी गाडीतून उतरून तिच्याजवळ गेले आणि खाली वाकले. बुटांना माती लागलेली होती. दोन्ही बुटांना.

"अहो आई, काय करताय? माझ्या पाया पडताय की काय?"

"गप बस," मी म्हणाले, आणि तिच्या बुटांवरची माती पदराने पुसली. पदर तसाही ओलाच होता.

मुलगा इंजिन गाडीत चढवायला गेला तेव्हा तिने मला पिशवीवर जवळ बसवून घेतलं. बिस्कीट पुढे केलं. मग म्हणाली, "आई, रागावू नका. तुम्ही कोरड्या बसलात की वर मला तुमचा चेहरा दिसत राहतो. वारा दिसत नाही."

मी तिच्या हातातलं बिस्कीट खाल्लं.

पुढच्या शनिवारी मैदानावर नेहमीसारखा कागद हातात घेतला. हेल्मेट, पट्टे, आकडे, पिन. सगळ्याला हात लागला, सगळ्याला 'हो' आलं. शेवटच्या ओळीच्या वर मात्र एक नवी ओळ होती. लिफ्टच्या वायरींवर चिठ्ठ्या चिकटवते ना, त्या तिच्या ठसठशीत अक्षरात. मी वाचता वाचता थांबले.

"वाचा की," ती म्हणाली. "ओळ गाळायची नाही."

"आई पाणी प्यायल्या," मी वाचलं.

ती हाताची घडी घालून उभी राहिली. पाठीवर एवढं ओझं, तरी हलेना. मी देवाला मनात म्हटलं, बघतोयस ना, आणि बाटली उघडून प्यायले. तिने पुढे येऊन बाटलीला हात लावला आणि मगच म्हणाली, "हो."

"जायचं की थांबायचं?"

तिने फितीकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. वारा मोकळ्या बाजूनेच येत होता, पण फीत मधूनच दचकल्यासारखी उलटी फिरत होती.

"थांबायचं."

"म्हणजे मी पाचला उठलो ते कशाला?" मुलगा गाडीतून ओरडला, आणि लगेच आवाज बदलून म्हणाला, "नाही नाही, उत्तम निर्णय!"

तिने एकेक पट्टा सोडला, इंजिन खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी गवतावर फतकल मारून बसली. मग हात पुढे केला. "सगळं संपवू नका, आई. मलाही ठेवा थोडं."