पोटातलं खमीर

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, खरे सांगायचे तर लोक मला टमरेल म्हणतात. हसा, हसून घ्या. आता मला त्याचे काही वाटत नाही, पण एके काळी मी लाजेने अर्धा झालो होतो.

जन्मलो तेव्हा माझ्यात वनस्पती तूप होते. कोल्हापुरात फक्रुद्दीनच्या बेकरीत मी मोठ्या मानाने आलो. खारीला तूप लागे, त्यामुळे माझ्याशिवाय तिथे पान हलत नसे. तूप संपले तशी माझी किंमतही संपली. पिराजी डबेवाल्याने माझे तोंड कापले, कडा ठोकल्या, कान बसवला, आणि माझी रवानगी फक्रुद्दीनच्या घराच्या परसदारी, चाळीच्या संडासाच्या वाटेवर झाली. तेव्हापासून मला सगळे हातात घेत, पण माझ्याकडे कुणी बघत नसे.

परसदारीच फक्रुद्दीनच्या आईची, खैरुनबीची, चूल होती. ती शाहूवाडीकडची, नाचणीच्या भाकरीवर वाढलेली. तिची चूल पूर्वी घरात होती. बेकरीला नवी पाटी लागली त्या दिवशी व्यापारी पाहुणे जेवायला बसले आणि तिने हौसेने नाचणीची भाकरी वाढली. एक जण हसला. पाहुणे गेल्यावर फक्रुद्दीन तिच्यावर कडाडला, "आम्मा, बेकरीवाल्याच्या घरात काळी भाकरी? लोकं तोंडात श्यान घालतील माझ्या!" दुसऱ्या दिवशी तिने चूल बाहेर आणली. घरात मग पाव, खारी, टोस्ट आणि मैद्याची रोटी, एवढेच.

इथून फक्रुद्दीनचे आणि माझे हाल सुरू झाले. पूर्वी तो मला घेऊन जाई आणि चटकन परत येई. आता तो आत बसला की बसलाच. बाहेर चाळ खोळंबे. शेजारचा आकाराम दार बडवून ओरडे, "मामू, भट्टी लावलीसा काय आत?" सगळे खिदळत. फक्रुद्दीन घामाघूम होऊन, मान खाली घालून बाहेर येई. पुढे रक्त पडू लागले. त्याने ते बायकोलाही सांगितले नाही. दुखणेच असे की बोलायची चोरी. मला सगळे ठाऊक होते, पण मी सांगणार कुणाला?

त्र्याऐंशी साली एकदा तो हुपरीच्या एसटीत बसला. कोल्हापुरात डॉक्टर काय कमी होते? पण तिथे कुणी ओळखले तर, ही धास्ती. रात्री एरंडेल घेतले होते, वाटेत फजिती नको, म्हणून त्याने मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले. दवाखान्यात पाऊल टाकतो तोच बाकावरची एक बाई म्हणाली, "बेकरीवालं मामू न्हवं तुमी? तुमची खारी लई झ्याक असती की!" बिचाऱ्याने पिशवी छातीशी घट्ट धरली.

डॉक्टरांचा आवाज दणदणीत. "मूळव्याध आहे. वेळेवर आलात. खाता काय?"

"पाव, टोस्ट. मैद्याचंच घर हाय, साब."

"आणि भाकरी?"

"ती गरिबीत खाल्ली."

"तिथंच चुकलं. अहो, आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात."

फक्रुद्दीन दचकला. "जंतू? मग मारायचं औषध द्या की!"

"मारता कशाला? ते आपलेच आहेत. धान्याचा कोंडा आपल्याला पचत नाही, तो खाली त्यांच्यापर्यंत जातो. ते तो खातात आणि त्यातून आतड्याला पोसणारा रस तयार करतात. मळही मऊ राहतो. हे आता आता कळायला लागलंय. मैदा मात्र वरच संपतो. खाली त्यांना काय मिळणार?"

फक्रुद्दीन हळूच म्हणाला, "म्हंजे आमच्या खमिरागत. पाव फुगवायचं आंबवलेलं पीठ, साब. त्येला रोज ताजं पीठ घालाय लागतंय. उपाशी ठेवलं की पानी सुटतंय, वास मारतंय."

"अगदी तस्संच! तुमचं पोटातलं खमीर उपाशी आहे."

बेकरीतले खमीर त्याने एक दिवसही उपाशी ठेवले नव्हते.

घरी आल्यावर तो पिशवी घेऊन तसाच परसदारी गेला. खैरुनबी चुलीपाशी एकटी जेवत होती. त्याला बघताच तिने ताटावर पदर ओढला आणि ती भिंतीकडे सरकली. तिला वाटले, तो संडासाला निघालाय.

"जा बाबा, वाट मोकळी हाय."

फक्रुद्दीन तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आम्मा, झाकू नगंस. मला बी दे की त्यातली."

तिने पदर काढला नाही. आधी त्याच्या खांद्यावरून घराच्या दाराकडे बघितले आणि दबक्या आवाजात विचारले, "पावणं हायती का आत?"

"कोन न्हाय, आम्मा," तो म्हणाला आणि रडू लागला. मगच तिने भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, भाकरी घरात आली, चूलही आत गेली. फक्रुद्दीनचे पोट हळूहळू ताळ्यावर आले. खैरुनबी मात्र पाहुण्यांची चाहूल लागली की मरेपर्यंत ताट झाकत राहिली. तेव्हा तुमच्या पोटातल्या जिवांना कोंड्यासकट खाऊ घाला. त्यांची आबाळ झाली तरी ते माणसाला लवकर माफ करतात. पण कुणाला त्याच्या ताटातल्या भाकरीची लाज वाटायला लावू नका. ती लाज मागाहून कितीही रडलात तरी निघत नाही.