डाव्या हातातली नाडी

मित्रांनो, पडद्यावरच्या भुताच्या घरांची कितीतरी दारं मी उघडली, पण स्वतःचं तोंड काही मला उघडता आलं नाही. आज मात्र मनातलं सांगून टाकतो, त्याशिवाय मला चैन पडायची नाही. मी एक जुना कंट्रोलर आहे. दोन्ही हातांत धरून, बटणं दाबून व्हिडिओ गेम खेळतात ना, तोच मी.

कारखान्यात माझ्या पोटात दोन मोटारी बसवल्या गेल्या. उजवीकडची लहान, ती डासासारखी गुणगुणते. डावीकडची जड, ती धडधडते. पडद्यावर जिना कोसळला, की माझी डावी बाजू खेळणाऱ्याच्या तळहाताला हादरा देते. पडद्यावरची भीती हातापर्यंत पोचवणं हे माझं काम, आणि मला त्याचा अभिमान होता.

मी ज्या घरी आलो तिथली थोरली मुलगी, म्हणजे ताई, भीतीची पारख करायची. भीतीचे नवे गेम ती भर दुपारी पडदे ओढून खेळायची आणि व्हिडिओ करून लोकांना सांगायची, की इथे भीती खरी आहे आणि इथे नुसता आरडाओरडा आहे. अंगावर किती काटे आले यावर ती पाचपैकी गुण द्यायची. कपाटातून भूत किंचाळत बाहेर पडलं, तर एकच काटा. दचकवणं वेगळं आणि घाबरवणं वेगळं, असं तिचं ठाम मत. तिचा एक नियमही होता: गेम बनवणारा समोर असला, तरी ती खेळत असताना त्याने अवाक्षर काढायचं नाही. आई मागे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि ही माणसं अंधारात शिरण्याआधी दिवे का लावत नाहीत, म्हणून चिडायची.

ते माझे सुखाचे दिवस होते. ताईचे तळवे घामेजले, की मला धन्य वाटायचं. एका गेममध्ये आरशातली बाई खऱ्या बाईच्या आधी वळली, मी जीव खाऊन थरथरलो, आणि ताईने किंकाळी फोडून मला भिंतीवर भिरकावलं. त्या गेमला पाच काटे मिळाले. माझ्या डाव्या मोटारीची तार मात्र तुटली.

ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. उजवी मोटार गुणगुणत होती, त्यामुळे मी ठणठणीत आहे असंच ताई धरून चालली. त्यानंतर तिला भीती वाटेनाशी झाली. गेम येत गेले, ती जांभया देत गेली. हल्ली कुणाला घाबरवताच येत नाही, असं ती सांगू लागली. लोकांना त्याचं भारी कौतुक. त्यांनी तिला ‘पाषाण’ म्हणायला सुरुवात केली आणि बाईसाहेबांनाही ते नाव आवडलं. इकडे माझी तगमग चालायची. धडधड असा हुकूम यायचा, तुटलेल्या तारेपाशी अडायचा, आणि मी तिच्या हातात थंड पडून राहायचो. ओरडावंसं वाटायचं, पण ओरडणार कसा?

अशातच ताईच्या धाकट्या बहिणीने स्वतःचा गेम बनवला. शिक्षण संपल्यापासून ती त्यातच बुडालेली होती. नोकरी बघ, नोकरी बघ, असं सांगून आईची जीभ दुखली होती. त्या गेममध्ये एक मुलगी आपल्या आजारी वडिलांचा हात धरून काळोख्या घरातून त्यांना बाहेर नेत असते. वडील कधी दिसत नाहीत. भूत नाही, किंकाळी नाही. फक्त वडिलांची नाडी खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला लागत राहते. सगळा गेम त्या नाडीवर उभा होता.

ताई मला हातात घेऊन खेळायला बसली. धाकटी नखं कुरतडत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. नियम म्हणजे नियम, त्यामुळे ती गप्प होती. नाडीचा एकेक ठोका माझ्यापर्यंत येत होता आणि तिथेच मरत होता. मला वेड लागायची पाळी आली.

“एक काटा,” ताई शेवटी म्हणाली. “तोही बहीण आहेस म्हणून. नुसती रिकाम्या घरातून फिरवतेस गं.”

“व्हिडिओत पण हेच सांगणार?”

“मग काय, खोटं बोलू?”

धाकटीने वाद घातला नाही. पाषाणाने नाक मुरडलेला गेम कोण विकत घेणार, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे पुसले, ताईच्या टेबलावरून मला उचललं आणि गेममध्ये कपाटातून किंचाळणारी एक बाई घालायला घेतली. ती घालण्याआधी तिने गेम एकदा चालवून पाहिला. नाडी लागेना. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ती केलेलं काम पुन्हा पुन्हा तपासत बसली. मग तिने मला कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. “ताई, हा कधी पडला होता का?”

“पडला कसला, मीच फेकला होता,” ताई हसत म्हणाली. “त्या आरशातल्या बाईच्या वेळी.” आणि तिचं हसू तिथेच विरलं. आपण शेवटचं कधी घाबरलो होतो, हे तिला आठवलं असणार.

धाकटीने माझे स्क्रू काढले आणि तार जोडली. दुपारी पुन्हा पडदे ओढले गेले. या वेळी ठोके थेट ताईच्या तळव्याला लागले. ती जांभई द्यायला विसरली. तिचे खांदे वर चढले. आईच्या हातातली घडी अर्धवट राहिली. घराचं शेवटचं दार जवळ आलं तशी नाडी मंदावत गेली, अडखळली आणि थांबली.

ताईने मला जोरात हलवलं. “अगं, परत तार सुटली. बघ जरा.”

धाकटीने पहिल्यांदाच नियम मोडला. “तार सुटलेली नाही, ताई.”

या वेळी ताईने मला फेकलं नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ती माझी डावी बाजू चाचपत राहिली, ठोका शोधत राहिली. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. शेवटी आईनेच उठून खिडकीचा पडदा बाजूला सारला.

किंचाळणारी बाई कपाटात कधी शिरलीच नाही. ताईने व्हिडिओत काटे सांगायच्या आधी माझी हकीकत सांगितली, आणि मधल्या काळात नावं ठेवलेले सगळे गेम आता ती पुन्हा खेळते आहे. पाषाण म्हटलेलं तिला चालत नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या वस्तू मुक्या असतात. आपटल्या, पडल्या, तर त्यांना उचलून एकदा नीट बघत जा. आम्हाला खूप काही सांगायचं असतं. आता खेळायला बसण्यापूर्वी ताई मला चालू करते, माझ्या डाव्या बाजूवर तळवा ठेवते आणि क्षणभर थांबते. मी लगेच धडधडतो. तिला वाट पाहायला लावायची माझी हिंमत होत नाही.