दारावर निघालेलं काडतूस

बावीस वर्षं मी आमच्या काउंटीत बंदूक-सुरक्षेचा वर्ग घेतोय. शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी माझ्यासमोर दोन दिवस बसावं लागतं. माझ्या हाताखालून गेलेलं कुणी ना कुणी इथे घरटी सापडेल. मला याचा माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

दर मार्चमध्ये गुरांच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये बंदुकांचा मेळावा भरतो. मी एकही चुकवलेला नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, "व्हर्लिन, चर्चला इतक्या नेमाने गेला असतास तर आत्तापर्यंत पाद्री झाला असतास." या वर्षी सोबत मुलगी होती, लॉर्ना. वय चौतीस, इस्पितळात नर्स आहे. नेम माझ्यापेक्षा चांगला आणि धीर तर कितीतरी जास्त. येत्या हिवाळ्यापासून माझ्याबरोबर तिनेही वर्ग घ्यायचा असं ठरत आलं होतं. फक्त तिच्या अर्जावर ऑरिन पेल्कीची सही राहिली होती, आणि ती तो त्याच दिवशी करणार होता. ऑरिन आमच्या बंदूक क्लबचा सेक्रेटरी. मेळाव्यात दारावर टेबल टाकून तोच बसतो आणि आत येणारी प्रत्येक बंदूक उघडून बघतो. रिकामी असली की तिला प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधतो. भरलेली निघाली, तर आणणाऱ्याला त्या दिवशी आत सोडत नाही. आजवर हे तीनदा झालंय. तिन्ही वेळा मी त्या माणसांना महिनाभर हसलोय.

माझ्या वडिलांच्या जुन्या रायफलवर बसेल अशी नेम धरायची दुर्बीण मिळतेय का, ते बघायचं होतं, म्हणून ती बरोबर घेतली होती. आदल्या संध्याकाळी वासरांच्या गोठ्यामागे कोयोटी, आमच्याकडचा कोल्ह्यासारखा प्राणी, फिरत होता, तेव्हा ती बाहेर काढली होती. तो काही समोर आला नाही. मी कंटाळून घरात आलो आणि रायफल खोळीत घातली.

हॉलबाहेर ट्रक लावल्यावर लॉर्नाने खोळीकडे हात नेला. "डॅड, एकदा उघडून बघू?"

"बघितलीय मी. आता तू बापाला शिकवणार होय?"

बघितलेली नव्हती. खोटं बोलत होतो असंही नाही. मी बघितल्याशिवाय ठेवेन कशी, असं मला मनापासून वाटत होतं. तिने हात मागे घेतला.

दारावर बरीच रांग होती. ऑरिनने माझी रायफल घेतली, गप्पा मारता मारता बोल्ट मागे ओढला आणि काडतूस उडून टेबलावर पडलं. ते घरंगळत कॉफीच्या कपाला अडून थांबलं. रांगेतले लोक वाकून बघायला लागले.

"व्हर्लिन?" ऑरिन म्हणाला. माझ्याकडून असं काही होईल हे त्याच्या मनातही येत नव्हतं.

"लॉर्नाने भरलं सामान," मी म्हणालो.

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण बोललो मीच. लॉर्नाने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग ऑरिनला म्हणाली, "माझीच चूक. बघायला हवं होतं मी."

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती पोरी," ऑरिन म्हणाला. "सहीचं या वर्षी राहू दे. आणि नियम तुला माहीतच आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली, रायफल घेतली आणि ट्रककडे गेली.

आणि मी आत गेलो. हो, गेलो. बाहेर गेलो असतो तर तिच्या शेजारी बसावं लागलं असतं. दोन तास मी टेबलांमधून फिरलो. बातमी माझ्याआधी सगळीकडे पोचली होती. दारूगोळा विकणारा क्लाइड म्हणाला, "आपण जीव तोडून शिकवतो, पण पोरांच्या डोक्यात शिरेल तर शपथ." मी मान हलवली. कुणीतरी माझ्या हातात बीफ सँडविच दिलं. ते मी तसंच एका टेबलावर ठेवून दिलं. हवी तशी दुर्बीणही दिसली, पण हात लावावासा वाटला नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटी मी दारावर गेलो. ऑरिन एकटाच होता.

"ऑरिन, ते काडतूस माझं होतं. काल संध्याकाळी मीच भरलं. ती उघडून बघते म्हणाली होती, मीच बघू दिलं नाही."

 ऑरिन हसला आणि उठून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरीसाठी स्वतःवर घेतोयस. मला मुलगी असती तर मीही हेच केलं असतं. पण ती स्वतः कबूल झालीय रे. बावीस वर्षांत तू कधी खोटं बोलला नाहीस, आता जमणार नाही तुला."

मला पुन्हा सांगता आलं असतं. ओरडून सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. सांगून झालं होतं आणि वर्गही हातातून गेला नव्हता. मी म्हणालो, "बरं," आणि बाहेर पडलो.

लॉर्ना ट्रकमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती.

"सांगितलंस?" तिने विचारलं. कुठून येतोय हे तिला चेहऱ्यावरून कळलं असावं.

"सांगितलं. त्याला पटलं नाही. म्हणाला, मी तुला पाठीशी घालतोय."

तिने सीटबेल्ट ओढून लावला.

"आणि तू ते ऐकून घेतलंस," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. तिने ट्रक सुरू केला.